पेण, पेन आणि आजीचा न

रोह्याहून दिव्याला जाणारी गाडी नागोठणे, कासू करत पेणला थांबते. फलाटावरच्या पाटीवर देवनागरीत 'पेण' आणि खाली इंग्रजीत तीनच अक्षरं: पी, ई, एन. लहानपणी मला वाटायचं, या गावात पेनं बनवत असतील. इथे बनतात गणपती, हे नंतर कळलं.

माझी आजी गावाचं नाव 'पेन' असंच घ्यायची. आमच्या आगरी बोलीत ण जवळपास नाहीच. पाणी नाही, 'पानी'. पाचवीत मी वर्गात म्हणालो, "काल आम्ही पेनला गेलो होतो." मागून कुणीतरी विचारलं, "टोपण लावून आलास ना?" सगळे हसले. त्या दिवसापासून मी ण घोकला. एवढंच नाही, चारचौघांत आजी बोलायला लागली की मी तिला गप्प करायचो.

पुढे कॉलेजात शब्दांच्या मुळांचा नाद लागला, तेव्हा पहिला शोधला तो पेन.

लॅटिनमध्ये 'पेन्ना' म्हणजे पीस. युरोपात शेकडो वर्षं हंसाच्या जातीतल्या पक्ष्यांची पिसं तासून, शाईत बुडवून लिहीत. पीस गेलं, धातूची निब आली, नाव तेच राहिलं. या पेन्नाच्या मुळाशी 'उडणं' आहे, आणि त्याच प्राचीन मुळापासून संस्कृतात 'पत्र' आला: आधी पंख, मग झाडाचं पान, मग चिठ्ठी. म्हणजे पेन आणि पत्र चुलत भावंडं! पेन्सिल मात्र या घरातली नाही. तिचं मूळ 'छोटी शेपटी' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे, पेनिसिलीनही तिकडचंच. आणि मेंढरं कोंडायच्या आवाराला इंग्रजीत पेन म्हणतात, तो शब्द तिसराच.

आपलं पेण यातल्या कुणाचंच नातेवाईक नाही. जुन्या मराठीत 'पेणें' म्हणजे प्रवासातला मुक्काम, टप्पा. गावाचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात, आणि ते पटतं. भोगावतीच्या काठी, खाडी आणि घाट यांच्या मधे वसलेलं हे गाव. मीठ आणि तांदळाची ने-आण करणारा माणूस इथे टेकणारच.

पण मला खरा धक्का दिला तो पाण्यानं. संस्कृत शब्द आहे 'पानीय'. त्यात न आहे. प्राकृतात त्याचा ण झाला आणि मराठीत पाणी आलं. हिंदीत आजही पानीच म्हणतात, त्याला कुणी हसत नाही. उच्चार बदलत जाणं हा भाषांचा रोजचा व्यवहार आहे. कुठला बदल शुद्ध आणि कुठला गावंढळ, हे आपण माणसं ठरवतो. पाचवीत वर्गानं ठरवलं, घरी येऊन मी ठरवलं.

हे आजीला सांगायचं राहून गेलं. आता गाडी पेणला थांबली आणि घरून "कुठे पोचलास?" असा फोन आला, की मी डब्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो, "पेनला."