एक जानेवारीच्या यादीची कुळकथा

दरवर्षी 1 जानेवारीला दिल्लीतले परराष्ट्र मंत्रालय पाकिस्तानी उच्चायोगाकडे एक यादी सोपवते. त्याच दिवशी इस्लामाबादेतले परराष्ट्र मंत्रालय भारतीय उच्चायोगाला आपली यादी देते. दोन्हींत आपापल्या देशातल्या अणुकेंद्रांची नोंद असते, अक्षांश-रेखांशांसह. शत्रूपासून जपायची ठिकाणे शत्रूलाच लिहून द्यायची ही रीत 1992 पासून एकदाही खंडित झालेली नाही. तिचे मूळ मात्र दोन्ही देशांपासून दूर, बगदादजवळ सापडते.

7 जून 1981 रोजी इस्रायलच्या विमानांनी इराकची ओसिराक अणुभट्टी उद्ध्वस्त केली. भट्टी अजून सुरूही व्हायची होती. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 487 क्रमांकाच्या ठरावाने हल्ल्याचा निषेध केला, पण पायंडा पडायचा तो पडलाच. शेजाऱ्याचा अणुकार्यक्रम आकाराला येण्याआधीच विमाने पाठवून संपवता येतो, हे जगाने पाहिले.

त्या वेळी इस्लामाबादजवळच्या कहूटा येथे पाकिस्तान युरेनियम समृद्ध करण्याच्या खटपटीत होता. भारत कहूटावर ओसिराकसारखाच हल्ला करणार, अशा बातम्या परदेशी वृत्तपत्रांत येऊ लागल्या. धास्ती एकाच बाजूला नव्हती. कहूटावर बॉम्ब पडला तर उत्तर कुठे येईल, हे नकाशा पाहणाऱ्या कोणालाही कळत होते. ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र तर मुंबईतच आहे, आणि 1969 पासून वीज देणारे तारापूर मुंबईच्या उत्तरेला किनाऱ्यावर. अशा ठिकाणी साधा बॉम्ब पडला तरी किरणोत्सर्ग पसरू शकतो. म्हणजे अण्वस्त्र न वापरताही अण्वस्त्राच्या जवळ जाणारा अनर्थ ओढवता येत होता. परस्परांना वचकून राहण्याचे हे नाते दोघांकडे उघड अण्वस्त्रे येण्याच्या कितीतरी आधी तयार झाले.

कायद्याचा आधार तोकडा होता. जिनिव्हा करारांना 1977 मध्ये जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलने धरणांबरोबर अणुवीज केंद्रांनाही संरक्षण दिले होते, तेही अपवाद ठेवून. संशोधन भट्ट्या आणि समृद्धीकरणाचे कारखाने त्यात येत नव्हते, आणि भारत वा पाकिस्तान यांपैकी कोणीही तो प्रोटोकॉल मंजूर केलेला नव्हता.

डिसेंबर 1985 मध्ये जनरल झिया-उल-हक दिल्लीत आले. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असे त्यांचे आणि राजीव गांधींचे तोंडी ठरले. पुढची दोन वर्षे या शब्दाची निकड पटवून देणारी ठरली. एप्रिल 1986 मध्ये चेर्नोबिलची भट्टी फुटली आणि किरणोत्सर्ग सीमा ओलांडून युरोपभर पसरला. 1986-87 च्या हिवाळ्यात भारताच्या ‘ब्रासटॅक्स’ या प्रचंड लष्करी सरावामुळे दोन्ही सैन्ये समोरासमोर आली. ऑगस्ट 1988 मध्ये झिया विमान अपघातात गेले आणि डिसेंबरात बेनझीर भुत्तो पंतप्रधान झाल्या. सार्क परिषदेसाठी राजीव गांधी इस्लामाबादला गेले असताना, 31 डिसेंबर 1988 रोजी, दोन्ही पंतप्रधानांच्या उपस्थितीत परराष्ट्र सचिव के. पी. एस. मेनन आणि हुमायून खान यांनी करारावर सह्या केल्या.

मजकूर अगदी थोडका. दुसऱ्याच्या अणुकेंद्राचा नाश किंवा नुकसान होईल असे कोणतेही कृत्य करायचे नाही, त्याला उत्तेजन द्यायचे नाही, त्यात सामील व्हायचे नाही; थेट नाही आणि आडूनही नाही. व्याख्या मात्र ऐसपैस: वीजनिर्मितीच्या आणि संशोधनाच्या भट्ट्या, इंधननिर्मिती, समृद्धीकरण, पुनर्प्रक्रिया, किरणोत्सारी पदार्थांचे मोठे साठे. जिनिव्हाने बाहेर ठेवलेले बरेच काही इथे आत आले. दर वर्षी 1 जानेवारीला, आणि बदल होईल तेव्हा, अक्षांश-रेखांश कळवायचे, हेही त्यातच लिहिले. करार अमलात यायला 27 जानेवारी 1991 उजाडले. पहिली देवाणघेवाण 1 जानेवारी 1992 रोजी झाली.

माझ्या मते या रीतीच्या दीर्घायुष्याचे रहस्य त्या तारखेत आहे. यादी द्यावी की नाही, हा प्रश्न दर वर्षी नव्याने कोणत्याही मंत्र्यापुढे येत नाही. द्यायला बैठक लागत नाही, हस्तांदोलन लागत नाही, संयुक्त निवेदन लागत नाही. न देण्यासाठी मात्र कोणाला तरी ठरवून, जगासमोर, करार मोडावा लागेल. संसदेवरच्या हल्ल्यानंतर सैन्य सीमेवर उभे असताना 1 जानेवारी 2002 ला याद्या दिल्या गेल्या. मुंबईवरच्या हल्ल्याला सव्वा महिना झाला असताना 2009 मध्येही दिल्या गेल्या. मे 2025 च्या लढाईत सरगोध्याजवळच्या किराणा टेकड्यांमधल्या अणुठिकाणावर भारताने मारा केल्याची अफवा पसरली, तेव्हा भारतीय हवाई दलाने ती जाहीरपणे नाकारली, आणि किरणोत्सर्गाची गळती झाली नसल्याचे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने सांगितले. सिंधू जलकरार स्थगित असतानाही 1 जानेवारी 2026 ला पस्तिसाव्यांदा याद्या दिल्या गेल्या. त्याच 2025 मध्ये इराणच्या नतान्झ आणि फोर्दोवर बॉम्ब पडले होते. ओसिराकचा पायंडा जगात जिवंत आहे. आपल्या दोन देशांत तो अजून अडवून धरलेला आहे.

या कराराचा वंश पुढेही वाढला. क्षेपणास्त्र चाचणीची पूर्वसूचना देण्याचा करार 2005 मध्ये झाला, अण्वस्त्र अपघातांचा धोका कमी करण्याचा 2007 मध्ये. 2008 च्या करारामुळे कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्याही 1 जानेवारी आणि 1 जुलैला दिल्या जातात. पालघर-डहाणूकडच्या खलाशांची घरे या याद्यांकडे डोळे लावून असतात.

तरीही या रीतीच्या उणिवा झाकून चालणार नाहीत. याद्या गुप्त राहतात आणि त्या पूर्ण आहेत का, हे तपासण्याची सोय करारात नाही. ब्राझील आणि अर्जेंटिना यांनी 1991 मध्ये संयुक्त संस्था उभारली आणि एकाचे निरीक्षक दुसऱ्याच्या केंद्रात जाऊ लागले. आपण तिथवर पोचलेलो नाही. 2005 चा करार फक्त बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुरता आहे. मार्च 2022 मध्ये भारताचे एक क्षेपणास्त्र चुकून सुटून पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले, तसली क्रूझ क्षेपणास्त्रे त्याच्या बाहेर आहेत.

सर्वांत मोठी उणीव शहरांची. लोकवस्त्या आणि आर्थिक केंद्रेही हल्ल्यापासून वर्ज्य करावीत, असा प्रस्ताव भारताने 1994 मध्ये मांडला होता. तो कागदावरच राहिला. त्यामुळे आज ट्रॉम्बेच्या भट्टीला या कराराचे संरक्षण आहे, पण तिच्या कुंपणाबाहेरच्या चेंबूर-मानखुर्दला नाही. कहूटाला आहे, लाहोरला नाही. तो प्रस्ताव पुन्हा काढावा, त्यात क्रूझ क्षेपणास्त्रांची पूर्वसूचना जोडावी, आणि तोही 1988 सारखाच लिहावा: शब्द थोडे, व्याख्या रुंद, आणि तारीख मजकुरातच. मैत्री होईपर्यंत थांबण्याची गरज नाही, कारण हा करारही मैत्रीतून जन्मला नव्हता. दोन्हीकडच्या लोकांना आपापल्या घराची काळजी होती आणि ती त्यांनी वेळेत कागदावर उतरवली.