बाळाशी खेळू नये!

डिसेंबरचा शेवटचा आठवडा जवळ आला की आमच्या न्यू जर्सीतल्या देशी मंडळींत एकच प्रश्न फिरू लागतो. डेकेअर दहा दिवस बंद, आता या पिल्लाचं घरात करायचं काय? बाहेर पारा शून्याच्या खाली, साडेचारलाच अंधार, आणि आजी-आजोबा सहा महिन्यांचा मुक्काम संपवून ऑक्टोबरातच परत गेलेले. मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतं प्लास्टिकचे डबे आणि डाव समोर टाका, कोणी म्हणतं टबात पाणी भरून बसवा, कोणी म्हणतं रिकामं खोकं द्या, महागड्या खेळण्यापेक्षा ते बरं. सगळे सल्ले खरेच असतात, पण आठ-नऊ महिन्यांच्या मुलाला कुठलीही गोष्ट फार तर सात मिनिटं पुरते. दिवसात अशी किती सात मिनिटं बसतात हा हिशेब वाचकांनी करून पाहावा.

या सगळ्यात एक गोष्ट आपण न विचारता धरून चालतो, की बाळाला रमवणं हे आईबापांचं कामच आहे. मला गंमत वाटली ती हे वाचून की अमेरिकेत ही समजूत फारशी जुनी नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी इथल्या मोठ्या डॉक्टरला विचारलं असतंत तर त्याने तुम्हाला चक्क दटावलं असतं.

हा मोठा डॉक्टर म्हणजे न्यूयॉर्कचे ल्यूथर एमेट होल्ट. १८९४ साली त्यांनी मुलांच्या संगोपनावर प्रश्नोत्तरांच्या रूपात एक छोटं पुस्तक लिहिलं आणि पुढची कित्येक वर्षं ते घरोघरी वापरलं गेलं. बाळाशी खेळायला कधी सुरुवात करावी, असा एक प्रश्न त्यात आहे. उत्तर असं, की सहा महिन्यांच्या आतल्या बाळाशी कधीच खेळू नये, आणि त्यानंतरही जितकं कमी खेळाल तितकं बरं. का? तर त्याने बाळ चिडचिडं होतं, नीट झोपत नाही आणि त्याला अपचन होतं! आमच्या आजीने हे ऐकलं असतं तर तिने होल्टसाहेबांचीच दृष्ट काढली असती.

हे एका डॉक्टरचं वेड म्हणून सोडून देता आलं असतं. पण १९१४ साली अमेरिकन सरकारच्या 'चिल्ड्रेन्स ब्यूरो'ने 'इन्फंट केअर' नावाची पुस्तिका काढली, तिच्यातही हाच सूर होता. लिहिणारी बाई, मिसेस मॅक्स वेस्ट, स्वतः पाच मुलांची आई. आईबापांनी बाळाशी खेळू नये हा नियम कठोर वाटेल, पण तोच सुरक्षित, असं तिचं म्हणणं. बाळाला जमिनीवर किंवा कठड्यात एकटं बसायची सवय लावा, नाहीतर ते आईच्या ताकदीपलीकडची मागणी करू लागेल, असंही ती बजावते.

पहिल्यांदा वाचताना मला या बाईचा राग आला. मग तिच्या वाचकांचा विचार केला. शेतावरची घरं, वीज नाही, कोळशाची नाहीतर लाकडाची चूल, कपडे हाताने धुवायचे, पाणी बाहेरून आणायचं, आणि नवराबायको सोडून घरात तिसरं मोठं माणूस नाही. अशा घरातली बाई बाळाला मांडीवर घेऊन बसली तर स्वयंपाक कोण करणार? आपल्या वाड्यांतही कामाचा डोंगर होताच, पण तिथे एखादी आत्या, एखादी विधवा काकू, दहा वर्षांची ताई असे मोकळे हात सापडत. (त्या काकूला मोकळी का ठेवली होती आणि त्या ताईची शाळा का बुडत होती, हा वेगळा आणि तितकासा गोड नसलेला विषय आहे.) अमेरिकन शेतावर ते हात नव्हते. मग नाइलाजालाच शास्त्राचं नाव मिळालं, असं मला वाटतं. १९२८ साली मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी तर कळस केला. मुलांना कुरवाळू नका, मुके घेऊ नका, सकाळी फार तर हस्तांदोलन करा, असा त्यांचा उपदेश होता.

शहरांत आणखी एक खूळ होतं, मोकळ्या हवेचं. बाळाला रोज हवा लागली पाहिजे, मग घर पाचव्या मजल्यावर का असेना. पुढे राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी झालेल्या एलिनॉर रूझवेल्ट यांनी १९०६ साली जन्मलेल्या आपल्या मुलीसाठी न्यूयॉर्कच्या घराच्या खिडकीबाहेर जाळीचा पिंजरा टांगला होता. शेजारणीने तक्रार करायची धमकी दिली तेव्हा बाई चकित झाल्या, कारण आपण अत्यंत आधुनिक आई आहोत असं त्यांना वाटत होतं. त्यांनीच हे आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. १९२३ मध्ये स्पोकेन गावच्या एमा रीड यांना अशा पिंजऱ्याचं पेटंटही मिळालं, आणि तीसच्या दशकात लंडनच्या चेल्सी भागात इमारतींना असे पिंजरे खरोखर लटकलेले होते. फोटो उपलब्ध आहेत. पोटात गोळा येतो.

आणि मग सगळं उलटलं. 'इन्फंट केअर'च्या आवृत्त्या निघत राहिल्या, आणि १९४०च्या दशकातल्या आवृत्त्यांत खेळ चांगला ठरला. नुसता चांगला नाही, आवश्यक. मार्था वोल्फेनस्टाईन या अभ्यासक बाईंनी १९१४ पासूनच्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून १९५१ मध्ये एक सुंदर निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की आधी खेळणं हे पाप होतं, आता न खेळणं हे पाप झालं. बाळाबरोबर वेळ तर काढायचाच, वर त्यात आपल्याला मजाही आली पाहिजे, आणि नाही आली तर आपलंच काहीतरी चुकतंय अशी बोच लागून राहते. २९ डिसेंबरच्या दुपारी तीन वाजता अठराव्यांदा ठोकळ्यांचा मनोरा रचणाऱ्या बापाला ही बोच काय असते ते विचारा.

नियम उलटला, पण घरातले हात काही वाढले नाहीत. आणि जिथे हात कमी तिथे यंत्र, हे अमेरिकेचं जुनं उत्तर. १९४५ साली बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने एका महिला मासिकात आपल्या धाकट्या मुलीसाठी बांधलेल्या पेटीचं वर्णन छापलं. समोर काच, आत तापमान आणि दमटपणा नियंत्रित, हवा गाळून येणारी, अंगावर फक्त लंगोट. हेतू साधा होता, बाळाला मोकळं हातपाय हलवता यावेत आणि आईचं धुणं वाचावं. संपादकांनी मथळा दिला 'खोक्यातलं बाळ', आणि उंदरांच्या प्रयोगामुळे 'स्किनरचं खोकं' आधीच प्रसिद्ध होतं, त्यामुळे लोकांनी दोन्हींची सरमिसळ केली. मुलगी वेडी झाली, तिने जीव दिला, अशा वावड्या कित्येक वर्षं उठत होत्या. शेवटी २००४ मध्ये तिनेच ब्रिटनच्या 'गार्डियन'मध्ये लेख लिहून सांगितलं की मी ठणठणीत आहे आणि माझं बालपण उत्तम गेलं.

यंत्रांमध्ये मला सगळ्यात आवडतो तो 'जॉली जंपर', स्प्रिंगला टांगलेला झोपाळा, ज्यात बाळ पायाच्या बोटांनी उड्या मारतं. तो बनवला ओजिब्वे या मूळनिवासी वंशाच्या ऑलिव्हिया पूल यांनी, १९१० च्या सुमारास, स्वतःच्या पहिल्या मुलासाठी. त्यांच्या माणसांत बाया बाळाला फळीला बांधून झाडाच्या फांदीला टांगत आणि काम करता करता फांदी हलवत. ऊसतोडीच्या फडावर झाडाला बांधलेली लुगड्याची झोळी पाहिलेल्या माणसाला यात परकं काहीच वाटणार नाही. पूलबाईंना पेटंट मात्र १९५७ मध्ये मिळालं. दोनच वर्षं आधी, १९५५ मध्ये, यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या पेनसिल्व्हेनियातल्या 'ग्रेको' कंपनीने किल्लीचा आपोआप हलणारा झोपाळा बाजारात आणला होता. म्हणजे जोजवणारा हातही गेला, किल्ली फिरवणारा तेवढा उरला.

चाकांची गोष्ट मात्र फार जुनी आहे. मॅनहॅटनच्या मॉर्गन ग्रंथालयात १४४० च्या सुमाराची, नेदरलँड्समधल्या कॅथरिन ऑफ क्लेव्ह्सची प्रार्थनापोथी आहे. तिच्यातल्या एका चित्रात मेरी मागावर विणते आहे, जोसेफ रंधा मारतो आहे, आणि बाळ येशू लाकडी चाकांच्या चौकटीत उभा राहून पावलं टाकतो आहे. आई आणि बाप दोघांचेही हात गुंतलेले! चित्रकाराने वॉकर नेमका का लागतो ते तेव्हाच दाखवून ठेवलं.

इथे आपल्या पांगुळगाड्याची आठवण येणारच. पण इंजिनियर म्हणून सांगतो, दोन्ही यंत्रं एक नव्हेत. पांगुळगाड्यात मूल मागे उभं राहून ढकलतं. वजन त्याचं, तोल त्याचा, आणि पडलं तर तिथल्या तिथे बसतं. विसाव्या शतकातल्या गोल वॉकरमध्ये मूल झोळीत बसतं आणि नुसत्या बोटांनी जमीन रेटतं. सेकंदाला तीन फुटांहून जास्त वेग येऊ शकतो. चालणं त्याने लवकर येत नाही. जिना मात्र लवकर येतो. १९९० ते २०१४ या काळात अमेरिकेत पंधरा महिन्यांखालच्या सुमारे २,३०,००० मुलांना वॉकरमुळे झालेल्या दुखापतींसाठी तातडीच्या उपचार कक्षात न्यावं लागलं. नव्वद टक्क्यांहून अधिक दुखापती डोक्याच्या किंवा मानेच्या, आणि चारातल्या जवळजवळ तीन जिन्यावरून पडून. १९९७ मध्ये स्वेच्छेचं मानक आलं. वॉकर दारापेक्षा रुंद हवा, नाहीतर चाक पायरीच्या कडेवरून सुटताच खालच्या रबरी पट्ट्यांनी तो अडला पाहिजे. १९९० मधला २०,६५० चा आकडा २००३ मध्ये ३,२०१ वर आला. कॅनडाने मात्र थांबायचं नाही असं ठरवून २००४ मध्ये वॉकरवर सरळ बंदी घातली. बारशाला वॉकर भेट देणाऱ्या आपल्या मावश्या-आत्यांना हे कोणीतरी सांगायला हवं.

मग आला टीव्ही. ज्युली एग्नर-क्लार्क या जॉर्जियातल्या आईने नव्वदच्या दशकात घराच्या तळघरात एक व्हिडिओ चित्रित केला. बाहुल्या, खेळणी, मागे शास्त्रीय संगीत. नाव 'बेबी आइनस्टाईन'. २००१ मध्ये डिस्नेने तो उद्योग विकत घेतला, २००७ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी संसदेपुढच्या वार्षिक भाषणात बाईंचं कौतुक केलं. त्याच वर्षी वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी जाहीर केलं की ८ ते १६ महिन्यांची जी मुलं असे व्हिडिओ बघतात, त्यांना रोजच्या प्रत्येक तासामागे सहा ते आठ शब्द कमी समजतात. त्याच आकडेवारीचं इतरांनी पुन्हा विश्लेषण केलं तेव्हा निष्कर्ष इतका ठाम राहिला नाही, हेही सांगायला हवं. पण मुलं त्यातून हुशार होतात हेही कोणी दाखवू शकलं नाही, आणि २००९ मध्ये डिस्नेने मागणाऱ्यांना डीव्हीडीचे पैसे परत केले.

आता खरा मुद्दा. १९८५ मध्ये लिन मरे आणि कोल्विन ट्रेवार्थन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन-तीन महिन्यांचं बाळ एका खोलीत, आई दुसरीत, मध्ये दोघांना जोडणारे कॅमेरे आणि पडदे. आई थेट दिसत होती तोवर बाळ खुशीत होतं. मग त्याच आईचं, त्याच हसण्याचं, काही वेळापूर्वीचं चित्रण दाखवलं. बाळ बेचैन झालं, तोंड फिरवू लागलं. चेहरा तोच होता, पण तो बाळाला उत्तर देत नव्हता.

याचा आपल्या मराठीशी थेट संबंध आहे. १९८४ मध्ये व्हँकुव्हरच्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी दाखवलं की इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांनाही हिंदीतला त आणि ट वेगळा ऐकू येतो, पण दहा-बारा महिन्यांपर्यंत ती जाण बरीचशी विझते. मग २००३ मध्ये सिएटलच्या पॅट्रिशिया कुल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी माणसांच्या समोर बसवलं. चार आठवडे, पंचवीस पंचवीस मिनिटांच्या बारा बैठका, गोष्टी आणि खेळणी. बाळांचे कान चिनी उच्चारांना जागे झाले. दुसऱ्या गटाला त्याच माणसांचे व्हिडिओ दाखवले. शून्य. म्हणजे डेकेअरमध्ये दिवसभर इंग्रजी ऐकणाऱ्या आपल्या पोरांना मराठी बडबडगीतांची यूट्यूब यादी लावून दिली की त आणि ट ची सोय झाली, असं नाही. तळहातावर बोट गोल गोल फिरवत चिऊ-काऊला घास वाटून मग काखेपर्यंत गुदगुल्या करत जाणारं माणूस लागतं. ते नेमकं ऑक्टोबरात विमानात बसलेलं असतं.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९९ पासून दोन वर्षांखालच्या मुलांना टीव्ही नको असं सांगितलं होतं. २०१६ मध्ये नियम बदलून त्यांनी अठरा महिन्यांची मर्यादा घातली आणि एकच अपवाद केला, व्हिडिओवरून बोलणं. कारण पडद्यावरचं ते माणूस उत्तर देतं.

आमच्याकडे सुट्टीत रोज सकाळी साडेनऊला, म्हणजे पुण्यात रात्रीचे आठ, आईचा कॉल असतो. ती तोंडावर पदर घेते आणि भॉक करते. पहिले दोन दिवस जमेना. तिचा भॉक इथे पोचायला थोडा वेळ, मग कन्येचं खिदळणं तिथे पोचायला तितकाच, आणि तोवर आई पुढच्या भॉकच्या तयारीत. मी तिला विलंब, बँडविड्थ वगैरे समजावून सांगणार होतो. तिने तिसऱ्या दिवशी स्वतःच पदर खाली घेऊन, डोळे मोठे करून, तसंच थांबायला सुरुवात केली होती. पलीकडून हसू येईपर्यंत.