संत पौलाचा सागरी मार्ग : कैसरियापासून रोमपर्यंतची बंदरे

पवित्र भूमी, रोम आणि लूर्द ह्या यात्रा आपल्या भाविकांना नव्या नाहीत. अलीकडे त्यांच्या जोडीला भूमध्य समुद्रातील 'क्रूझ'च्या जाहिराती येऊ लागल्या आहेत. दहा-पंधरा दिवसांचा जलप्रवास, रोज सकाळी नवे बंदर, संध्याकाळी पुन्हा जहाजावर मुक्काम, असे त्यांचे स्वरूप असते. जाहिरातीत बंदरांची नावे असतात. त्या बंदरांचा आपल्या श्रद्धेशी काय संबंध आहे, हे मात्र सहसा नसते. ही उणीव काही अंशी भरून निघावी, म्हणून 'प्रेषितांची कृत्ये' ह्या ग्रंथाच्या २७ व्या आणि २८ व्या अध्यायांच्या आधारे आम्ही ही माहिती संकलित केली आहे. जे जाणार आहेत त्यांना ती वाटेत उपयोगी पडेल. जे जाणार नाहीत त्यांना हे दोन अध्याय नकाशा पुढे ठेवून वाचता येतील.

प्रवासाची पार्श्वभूमी

जेरुसलेम येथे अटक झाल्यावर संत पौलाला कैसरिया येथे आणण्यात आले आणि तेथे त्याला दोन वर्षे कैदेत राहावे लागले. रोमन नागरिक ह्या नात्याने त्याने सम्राटाकडे दाद मागितली. त्यामुळे राज्यपाल फेस्त ह्याने त्याला रोमला पाठविले. हा प्रवास इ. स. ६० च्या सुमारास झाला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. युल्य नावाचा शताधिपती कैद्यांचा प्रमुख रक्षक होता. थेस्सलनीकाचा अरिस्तार्ख सोबत होता. कथन 'आम्ही' असे प्रथमपुरुषी असल्यामुळे स्वतः लूकही जहाजावर होता, अशी ख्रिस्तसभेची परंपरा आहे. प्राचीन जगातील जलप्रवासाची इतकी तपशीलवार वर्णने फार थोडी उपलब्ध आहेत.

कैसरिया आणि सिदोन

कैसरियाचे बंदर हेरोद राजाने ख्रिस्तजन्मापूर्वीच्या दोन दशकांत बांधले. तेथे नैसर्गिक खाडी नव्हती, म्हणून त्याने उघड्या समुद्रात कृत्रिम धक्के उभारले. पाण्याखाली घट्ट होणाऱ्या चुनखडीच्या मिश्रणात ज्वालामुखीची राख वापरली गेली आणि ती राख इटलीतील नेपल्सच्या उपसागराच्या परिसरातून आणली गेली, असे संशोधनातून दिसून आले आहे. संत पौलाचा जलप्रवास संपला ते पुतेओली बंदर त्याच उपसागरावर आहे. १९६१ साली येथील उत्खननात पिलाताचे नाव कोरलेला शिलालेख सापडला. आज हे अवशेष तेल अविव आणि हैफा ह्यांच्या दरम्यान किनाऱ्यावर जतन केलेले आहेत.

दुसऱ्या दिवशी जहाज सिदोनला लागले. तेथे युल्याने पौलाला आपल्या मित्रांकडे जाऊन पाहुणचार घेण्याची मुभा दिली. सिदोन म्हणजे आजच्या लेबनॉनमधील सैदा. क्रुसेडच्या काळात तेराव्या शतकात बांधलेला तेथील सागरी किल्ला पाहण्यासारखा आहे. मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये भडकलेल्या युद्धानंतर इस्रायल व लेबनॉन येथील बंदरे पर्यटक-जहाजांच्या वेळापत्रकांतून वगळण्यात आली होती. म्हणून मार्गाच्या ह्या पहिल्या टप्प्याविषयी जाण्यापूर्वी खात्री करून घेणे आवश्यक आहे.

मिरा

वारा समोरून असल्यामुळे जहाज सायप्रस बेटाच्या आडोशाने गेले आणि लुकियातील मिरा येथे पोहोचले. हे ठिकाण आजच्या तुर्कस्तानातील देम्रे होय. येथे कैद्यांना इटलीला निघालेल्या आलेक्सांद्रियाच्या जहाजात चढविण्यात आले. रोम शहराचा मोठा भार त्या काळी ईजिप्तच्या गव्हावर होता आणि ह्या जहाजातही गहूच होता. मिराच्या आंद्रियाके ह्या बंदरात सम्राट हाद्रियनच्या काळातील धान्याचे प्रचंड कोठार आजही उभे आहे. बंदर मात्र गाळाने भरून गेले आहे. पुढे चौथ्या शतकात संत निकोलस ह्याच मिराचे बिशप झाले. त्यांचे अवशेष १०८७ साली इटलीतील बारी येथे नेण्यात आले. त्यामुळे भाविकांना त्यांचे जुने चर्च देम्रेमध्ये आणि कबर बारीमध्ये पाहावी लागते.

क्रीट : न ऐकलेला सल्ला

आपल्या कोळी बांधवांच्या होड्या जशा पावसाळ्यात किनाऱ्याला ओढल्या जातात, तसा भूमध्य समुद्र त्या काळी हिवाळ्यात बंद असे. सप्टेंबरच्या मध्यापासून प्रवास धोक्याचा मानत आणि नोव्हेंबर ते मार्च तो थांबतच असे. जहाज क्रीटच्या दक्षिण किनाऱ्यावरील 'सुंदर बंदरे' ह्या ठिकाणी आले, तेव्हा प्रायश्चित्त दिनाचा उपवास होऊन गेला होता, असे लूक लिहितो. म्हणजे सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबर उजाडला होता. पुढे गेल्यास मालाची, जहाजाची आणि प्राणांचीही हानी होईल, असे पौलाने सांगितले. शताधिपतीने कैद्यापेक्षा तांडेलाचे आणि मालकाचे अधिक ऐकले, हे स्वाभाविकच होते. हिवाळा काढण्यासाठी फेनिके हे अधिक सोयीचे बंदर गाठावे, असे ठरले. ते थोड्याच अंतरावर होते, पण जहाज तेथे कधी पोहोचलेच नाही.

'सुंदर बंदरे' हे नाव कालि लिमेनेस ह्या ग्रीक रूपात आजही त्या लहानशा खाडीला आहे. मोठी पर्यटक-जहाजे क्रीटच्या उत्तर किनाऱ्यावर थांबतात, त्यामुळे येथे जायचे असल्यास बेट ओलांडून मोटारीने जावे लागते.

चौदा रात्री

ईशान्येकडून सुटलेल्या तुफानाने जहाज पकडले. कौदा बेटाच्या आडोशाला खलाशांनी मागची होडी वर ओढून घेतली आणि जहाज फुटू नये म्हणून त्याला दोरखंडांनी खालून आवळले. मग माल आणि सरंजाम समुद्रात टाकला. कित्येक दिवस सूर्य दिसला नाही, तारेही दिसले नाहीत. होकायंत्राच्या पूर्वीच्या त्या काळात ह्याचा अर्थ दिशाच हरपली, असा होता.

जेम्स स्मिथ ह्या स्कॉटिश नौकानयनतज्ज्ञाने माल्टामध्ये एक हिवाळा राहून ह्या वर्णनाचा अभ्यास केला आणि १८४८ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. अशा वाऱ्यात तसे जहाज ताशी सुमारे दीड मैल वाहत जाईल, असे धरल्यास कौदापासून माल्टापर्यंत तेरा दिवसांहून किंचित अधिक काळ लागतो, असे त्याचे गणित आहे. लूकच्या चौदाव्या रात्रीशी ते जुळते. दाल्मातियाच्या किनाऱ्यावरील म्ल्येत बेटही संत पौलावर हक्क सांगते. परंतु बहुसंख्य अभ्यासकांचा कौल माल्टाच्या बाजूने आहे.

जहाजावर २७६ माणसे होती. ही संख्या फुगविलेली वाटू नये. यहुदी इतिहासकार योसेफस काही वर्षांनी ह्याच मार्गाने रोमला निघाला, तेव्हा आपल्या जहाजावर सुमारे ६०० माणसे होती, असे तो लिहितो. ते जहाजही बुडाले आणि त्यातील सुमारे ८० जणच वाचले.

पौलाच्या जहाजाची गोष्ट वेगळी झाली. जमीन जवळ आल्याचा संशय येताच खलाशांनी बुडीद टाकून पाहिली. प्रथम वीस वाव आणि थोड्या वेळाने पंधरा वाव पाणी भरले. खडकांच्या भीतीने मागच्या बाजूने चार नांगर टाकण्यात आले. तेवढ्यात खलाशी होडी सोडून पळू पाहू लागले. हे लोक राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही, असे पौलाने शताधिपतीला सांगितले, तेव्हा शिपायांनी होडीचे दोर कापले. पहाटे पौलाने सर्वांना अन्न घेण्यास विनविले, भाकर घेतली, देवाचे आभार मानले आणि ती मोडून खाल्ली. सर्वांना धीर आला. जहाज रुतून फुटू लागले, तेव्हा शिपायांनी कैद्यांना ठार मारण्याचा बेत केला. पौलाला वाचविण्यासाठी शताधिपतीने तो मोडला. कोणी पोहत, कोणी फळ्यांवरून, सर्व २७६ जण किनाऱ्याला लागले. खलाशांनी शिपायांना सोडून जाऊ नये आणि शिपायांनी कैद्यांना मारू नये, ह्यामुळेच सारे वाचले. ज्याचे बंदरात कोणी ऐकले नव्हते, त्या कैद्याच्या शब्दाने ही माणसे एकत्र राहिली.

माल्टा : अनोळखी माणसांचा पाहुणचार

पाऊस पडत होता आणि थंडी होती. बेटावरील लोकांनी शेकोटी पेटवून भिजलेल्या सर्वांचे स्वागत केले. त्यांनी दाखविलेला दयाळूपणा सामान्य नव्हता, असे लूक आवर्जून नमूद करतो. येथेच पौलाच्या हाताला साप डसल्याचा प्रसंग घडला आणि बेटाचा प्रमुख पुब्लियुस ह्याच्या आजारी पित्याला आरोग्य मिळाले. हिवाळ्याचे तीन महिने सर्वांनी येथेच काढले.

आजची जहाजे राजधानी वालेत्ता येथे लागतात. १५६५ च्या तुर्की वेढ्यानंतर, १५६६ साली नाइट्स ऑफ सेंट जॉन ह्या संघाने हे शहर वसविले. संत पौलाच्या जहाजफुटीच्या नावाने असलेले चर्च शहरातच असून जहाजफुटीचा सण १० फेब्रुवारी रोजी साजरा होतो. संत जॉनच्या सह-कॅथेड्रलमध्ये काराव्हाज्जोने १६०८ साली रंगविलेले संत योहान बाप्तिस्त्याच्या शिरच्छेदाचे चित्र आहे. रबात येथे संत पौलाची गुंफा आहे. पोप जॉन पॉल दुसरे १९९० आणि २००१ साली, पोप बेनेडिक्ट सोळावे २०१० साली आणि पोप फ्रान्सिस एप्रिल २०२२ मध्ये माल्टाला आले होते. माल्टाची भाषा अरबीशी नाते सांगणारी आहे. तेथील कॅथलिक भाविक मिस्सामध्ये परमेश्वराला 'अल्ला' म्हणतात, हे ऐकून आपल्या भाविकांनी चकित होऊ नये.

ह्याच समुद्रातून आजही माणसे फुटक्या होड्यांतून युरोपकडे निघतात. २०१४ पासून ३० हजारांहून अधिक स्थलांतरित येथे मरण पावले किंवा बेपत्ता झाले आहेत. पोप फ्रान्सिस ह्यांनी पोपपदावर आल्यानंतर जुलै २०१३ मध्ये रोमबाहेरची पहिली भेट लाम्पेदूसा बेटाला दिली आणि बुडालेल्यांसाठी मिस्सा अर्पण केली. जहाजाच्या कठड्यावरून निळेशार पाणी पाहताना ह्या मृतांसाठी एक प्रार्थना अवश्य म्हणावी.

सिराक्यूज, रेजिओ आणि पुतेओली

दुसऱ्या आलेक्सांद्रियाच्या जहाजाने पौल सिसिलीतील सिराक्यूजला आला व तेथे तीन दिवस राहिला. तेथील कॅथेड्रल पाहण्याची संधी सोडू नये. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातील अथेना देवीच्या मंदिराचे दगडी खांब त्याच्या भिंतींत आजही उभे दिसतात. संत लुसिया ही ह्याच शहराची. रेजिओला एक दिवस थांबल्यावर दक्षिणेचा वारा सुटला आणि जहाज दुसऱ्याच दिवशी पुतेओलीला, म्हणजे नेपल्सजवळच्या पोझ्झुओलीला, पोहोचले.

पुतेओलीत पौलाला ख्रिस्ती बांधव भेटले आणि त्याने त्यांच्याकडे सात दिवस मुक्काम केला. पेत्र व पौल ह्यांनी रोममध्ये रक्त सांडण्याच्या आधीच, धान्याच्या ह्या बंदरात, हमाल-व्यापाऱ्यांच्या वस्तीत ख्रिस्तसभा उभी होती, हे येथे लक्षात घ्यावे. प्राचीन बाजारपेठेचे तीन संगमरवरी खांब अद्याप उभे आहेत. त्यांच्यावर समुद्री शिंपल्यांनी पोखरलेली छिद्रे आहेत. ज्वालामुखीच्या हालचालींमुळे येथील जमीन खचते व पुन्हा वर येते, ह्याचा तो पुरावा आहे. १९८२ ते १९८४ ह्या काळात जमीन सुमारे १.८ मीटर वर आली आणि हजारो रहिवाशांना घरे सोडावी लागली.

चिविताव्हेक्किया : वसईच्या संताची आठवण

पौल पुतेओलीहून जमिनीच्या मार्गाने रोमला गेला. आजची जहाजे मात्र रोमसाठी चिविताव्हेक्किया येथे थांबतात. हे बंदर सम्राट त्राजानने बांधले. प्रवासी उतरताच बस किंवा आगगाडीने रोमकडे धावतात आणि शहरातील जपानी हुतात्म्यांचे चर्च पाहायचे राहून जाते.

नागासाकी येथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर खिळलेल्या २६ हुतात्म्यांच्या नावाने हे चर्च आहे. त्या २६ जणांत आपल्या वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया आहेत. त्यांना ८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे ह्यांनी संतपद बहाल केले. दुसऱ्या महायुद्धातील बाँबहल्ल्यानंतर ह्या चर्चची पुनर्बांधणी झाली आणि लुका हासेगावा ह्या जपानी कलावंताने त्यात भित्तिचित्रे रंगविली; त्यांत पवित्र मरिया किमोनो परिधान केलेली दिसते. रोमला जाण्यापूर्वी किंवा परतताना येथे पाव तास थांबता आले, तर वसईच्या भाविकाला परक्या बंदरात आपल्याच माणसाची भेट घडेल.

रोममध्ये पौल भाड्याच्या घरात पहाऱ्याखाली दोन वर्षे राहिला. त्याची कबर शहराच्या तटाबाहेरील संत पौलाच्या महामंदिरात आहे. कबरीतील अस्थींचे तुकडे पहिल्या किंवा दुसऱ्या शतकातील असल्याचे पोप बेनेडिक्ट ह्यांनी पौल वर्षाच्या समाप्तीच्या वेळी, जून २००९ मध्ये, जाहीर केले.

जाणाऱ्यांसाठी

हा संपूर्ण मार्ग एकाच फेरीत घडविणारी जहाजे सहसा मिळत नाहीत. पूर्व भूमध्य समुद्राच्या फेरीत एफेसला जाण्यासाठी कुशादासी आणि अथेन्स व करिंथसाठी पिरेयुस ही बंदरे असतात; पश्चिमेच्या फेरीत नेपल्स, सिसिली, माल्टा आणि चिविताव्हेक्किया असतात. इटली, ग्रीस व माल्टा हे शेंगेन क्षेत्रात आहेत, तुर्कस्तान नाही. म्हणून एकापेक्षा अधिक वेळा प्रवेश देणारा व्हिसा आणि तुर्कस्तानचा स्वतंत्र परवाना लागतो. बंदरात साधारणतः आठ-दहा तासच मिळतात. तेव्हा रोज एकच ठिकाण नीट पाहावे. रविवार जहाजावर आल्यास मिस्सा मिळेलच असे नाही, म्हणून बंदरातील मिस्साच्या वेळा आधी विचारून ठेवाव्यात.

शेवटी एक विनंती. ह्या जहाजांच्या स्वयंपाकघरांत, कपडे धुण्याच्या विभागात आणि यंत्रांवर गोव्याची आणि आपल्या किनाऱ्यावरचीही मुले काम करतात. महिनोन्‌महिने त्यांना घर दिसत नाही. अशा दर्यावर्दींसाठी ख्रिस्तसभेचे 'स्टेला मारिस' हे कार्य १९२० साली ग्लासगो येथे सुरू झाले आणि जुलैचा दुसरा रविवार सागर रविवार म्हणून पाळला जातो. जेवण वाढणाऱ्या मुलाला नाव विचारावे, गाव विचारावे आणि मराठीत किंवा कोकणीत दोन शब्द बोलावेत. माल्टाच्या लोकांनी भिजलेल्या २७६ जणांसाठी शेकोटी पेटविली होती. आपल्याकडून एवढे तरी व्हावे.