चिंधीची बखर



इतिहासाचे व्याख्यान म्हटले की श्रोत्यांची अपेक्षा ठरलेली असते. एखादा राजा असावा, एखादी लढाई असावी, निदान एखादा तह तरी असावा. माझ्या आजच्या विषयात यांपैकी काही नाही. घरात उरलेले कापडाचे तुकडे, फाटलेली लुगडी, विरलेली धोतरे आणि त्यांतून शिवली जाणारी गोधडी, एवढाच माझा विषय. चिंध्यांचा कसला आला इतिहास, असे कोणी मनात म्हणत असेल तर त्याला मी दोष देणार नाही. कारण हा इतिहास लिहिण्यात खरोखरीच एक अडचण आहे.

इतिहास उरलेल्या वस्तूंवरून लिहिला जातो. ताम्रपट उरतो, शिलालेख उरतो, नाणे उरते. गोधडी उरत नाही. ती नीट वापरली गेली तर उरूच शकत नाही. पांघरून, धुऊन, उन्हात वाळवून ती विरत जाते. मग तिच्यावर नवे अस्तर चढते आणि जुनी गोधडी नव्या गोधडीच्या पोटात जाते. शेवटी तिचे पोतेरे होते, आणि पोतेऱ्याला कोणी संग्रहालयात ठेवीत नाही. म्हणजे जी वस्तू आपले काम पुरेपूर करते तिचा पुरावा नाहीसा होतो, आणि जी पेटीत पडून राहते ती मात्र इतिहासाचे साधन ठरते! शेल्याचा इतिहास मिळतो, गोधडीचा शोधावा लागतो, तो यामुळेच.

प्रथम ही वस्तू आहे तरी कशी ते पाहू. खाली एक जुने लुगडे पसरायचे. त्यावर विरलेली धोतरे, उसवलेल्या सदऱ्यांचे तुकडे, जे काही घरात असेल ते सपाट लावायचे. वर दुसरे लुगडे घालून कडा आत मुडपायच्या आणि धावदोरा घालीत कडेकडून मध्याकडे यायचे. तान्ह्या मुलासाठी दोन थरांचे केले की ते दुपटे. जाडजूड, ओबडधोबड झाली की वाकळ. कृती सोपी दिसते, पण तिच्यात शहाणपण आहे. विरलेल्या कापडाला स्वतःचा जोर नसतो. चारपाच थर जवळजवळच्या टाक्यांनी एकत्र बांधले, म्हणजे ओढ कोणा एकावर पडत नाही, ती सगळ्यांत वाटली जाते. थरांमध्ये हवा कोंडून राहते आणि तीच ऊब धरते. शिवाय अनेक धुण्यांनी खळ निघून गेल्यामुळे जुने सुती कापड जितके मऊ असते तितके नवे कधीच नसते. तान्ह्याला आजीच्या लुगड्याचे दुपटे घालतात त्यात माया आहे, आणि व्यवहारही आहे.

आता थोडे मागे जाऊ. आपल्या देशात ठिगळांच्या वस्त्राला सर्वांत मोठा मान कोणी दिला असेल तर तो बौद्ध भिक्षुसंघाने. उकिरड्यावर, रस्त्यावर, स्मशानात टाकलेल्या चिंध्या वेचून केलेल्या चीवराला पाली ग्रंथांत पांसुकूल म्हटले आहे. पुढे गृहस्थांनी दिलेले चांगले वस्त्र घेण्यास बुद्धाने अनुमती दिली, परंतु भिक्षूचे चीवर तुकड्यांचेच राहिले. विनयपिटकाच्या महावग्गात याविषयी एक कथा आहे. मगध देशातून जाताना बुद्धाने बांधांनी विभागलेली शेते पाहिली आणि तशीच चीवरे शिवता येतील काय, असे आनंदाला विचारले. आनंदाने त्या शेतांच्या नमुन्याप्रमाणे तुकडे जोडून चीवर तयार केले, आणि तोच संघाचा नियम झाला. कापलेल्या वस्त्राचा चोराला मोह पडत नाही, हेही त्यामागचे एक कारण त्याच ग्रंथात सांगितले आहे.

चुल्लवग्गातली दुसरी कथा तर आमच्या विषयाची गाभ्याची कथा आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला राग आला. एवढी वस्त्रे घेऊन हा श्रमण काय दुकान घालणार आहे की काय, असे त्याला वाटले. तो आनंदाकडे गेला आणि एकामागून एक प्रश्न विचारू लागला. या वस्त्रांचे काय करणार? ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटणार. मग त्या जीर्ण चीवरांचे? त्यांची अंथरुणावरची आच्छादने. जुन्या आच्छादनांचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरच्या बैठका. जुन्या बैठकांचे? पायपुसणी. जुन्या पायपुसण्यांचे? धूळ झाडण्याची फडकी. आणि जुन्या फडक्यांचे? ती कुटून, चिखलात मळून जमीन सारवण्यासाठी. राजा संतुष्ट झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. कापडाच्या काटकसरीचा याहून चोख हिशेब मला तरी ठाऊक नाही.

हा धागा हिमालयापलीकडेही गेला. चीनच्या सीमेवर तुन्हुआंग येथील सहस्रबुद्ध गुहांत ऑरेल स्टाइन १९०७ साली पोहोचले. तेथील बंद कोठडीत हजारो हस्तलिखितांबरोबर रेशमी कापडाच्या तुकड्यांचे एक जोडवस्त्रही त्यांना मिळाले. ते आठव्या-नवव्या शतकातील मानतात. रोज न वापरता ते देवकार्यासाठी ठेवले गेले म्हणून टिकले. माझ्या मघाच्या विधानाला हा एक चांगला दाखला आहे.

महाराष्ट्रातही चिंधी वैराग्याची खूण झाली. नाथपंथी जोग्याची कंथा आपल्या परिचयाची आहे. अगदी अलीकडचे उदाहरण गाडगे महाराजांचे, म्हणजे १८७६ ते १९५६ या काळातले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात खराटा आणि डोक्यावर गाडग्याचे खापर. लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा असेही म्हणत. यात्रेकरूंसाठी ज्याने मोठमोठ्या धर्मशाळा उभारल्या, त्याने स्वतःच्या अंगावर मात्र चिंधीच ठेवली.

परंतु चिंधी सर्वत्र वैराग्याचीच होती असे समजू नका. एके काळी ती चैनीचीही झाली होती, आणि तिला तो मान आपल्या देशाच्या कापडाने मिळवून दिला. सतराव्या शतकात हिंदुस्थानची रंगीत छिटे विलायतेत गेली आणि तेथल्या लोकांना त्यांचे वेड लागले. इंग्रजी भाषेतला 'चिंट्‌झ' हा शब्द आपल्या छिटावरूनच आला. तेथील विणकरांचा धंदा बसू लागला तेव्हा पार्लमेंटने १७०० साली हिंदी छिटांच्या आयातीवर बंदी घातली. तेवढ्याने भागले नाही म्हणून १७२१ साली छापील सुती कापड वापरण्यावरच बंदी आणली. ती १७७४ साली उठली. आता जे कापड दुर्मिळ झाले त्याचा वीतभर तुकडा तरी कोण टाकील? इंग्लंडच्या उत्तरेकडील लेव्हन्स हॉल या वाड्यात छिटांचे तुकडे जोडून केलेली रजई आहे. परंपरेने ती १७०८ च्या सुमाराची मानतात आणि तिची गणना त्या देशातल्या सर्वांत जुन्या जोडकामात होते. म्हणजे एक तुकडा गरिबी जपते आणि दुसरा तुकडा कायदा जपायला लावतो.

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. फाटून झालेली चिंधी वेगळी आणि कातरून उरलेले कात्रण वेगळे. आपले जुने पोशाख बहुतांशी न शिवलेले होते. लुगडे, धोतर, उपरणे, पागोटे ही मागावरून उतरली तशी अंगावर चढत. ज्याला कात्री लागत नाही त्याचे कात्रण कोठून उरणार? म्हणून आपली जुनी गोधडी ही विरलेल्या, पण अखंड कापडाची गोधडी होती. शिवलेला पोशाख आपल्याकडे नव्हता असे नाही. अंगरखे होते, चोळ्या होत्या, शिंपी होते. पण १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडाच्या गिरणीचा पाया घातला, १८५१ मध्ये पेटंट घेतलेले सिंगरचे शिवणयंत्र त्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात आले, आणि सदरा, कोट, झंपर, परकर यांचा प्रसार झाला. शिंप्याच्या दुकानात कोऱ्या कापडाचे तुकडे साचू लागले. तेव्हापासून गोधडीच्या तोंडावर त्रिकोण, चौकोन आणि अनेक रंग अधिकाधिक खेळू लागले. जुनी गोधडी घरातल्या माणसांची आठवण सांगे. नवी गोधडी शेजारच्या शिंप्याकडे कोणकोणते कापड शिवायला आले तेही सांगू लागली.

ही विद्या केवळ आपली नाही. बंगालमध्ये जुन्या साड्यांचे थर करून, साडीच्या काठातूनच रंगीत दोरे ओढून त्यावर हत्ती, कमळे, रथ काढीत. तो त्यांचा कांथा. गुरुसदय दत्त या आयसीएस अधिकाऱ्याने अशा कांथा जमविल्या आणि कवी जसीमुद्दीन यांनी १९२९ साली एका कांथेभोवती अख्खे खंडकाव्य रचले. आपल्या शेजारी कारवार जिल्ह्याच्या रानात सिद्दी लोक राहतात. पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकी त्यांच्या पूर्वजांत होते. त्यांच्या स्त्रिया 'कवंदी' शिवतात. कडेने सुरुवात करून तुकडे लावीत लावीत मध्यावर येतात आणि कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांची फुले बसवितात. त्या फुलांवाचून त्यांना कवंदी पुरी झाली असे वाटत नाही.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे एक खेडे आहे. वस्ती बव्हंशी नीग्रो गुलामांच्या वंशजांची, म्हणजे आज आपण ज्यांना कृष्णवर्णीय म्हणतो त्यांची. तेथील एका बाईने १९४२ साली नवरा वारल्यावर त्याचे शेतात वापरायचे कपडे उसवले आणि त्यांची गोधडी केली. १९६६ मध्ये, नागरी हक्कांच्या चळवळीच्या दिवसांत, त्या परिसरातील स्त्रियांनी गोधड्या विकण्यासाठी सहकारी संस्था काढली. १९७२ मध्ये त्यांना कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवण्याचे मोठे काम मिळाले. अभ्रे दुकानदाराकडे गेले आणि उरलेली कात्रणे बायकांच्या घरी. त्या कात्रणांच्या गोधड्या २००२ साली संग्रहालयांच्या भिंतींवर चढल्या आणि जाणकार त्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशी करू लागले.

येथे मात्र आपण थोडे सावध झाले पाहिजे. भिंतीवरच्या गोधडीचे कौतुक करणे सोपे असते. जिला थंडीत मुलांना पांघरूण पुरत नाही म्हणून रात्री दिव्यापाशी डोळे फोडावे लागले, तिने ते हौसेने केले असे म्हणणे म्हणजे तिच्या गरिबीची थट्टा होय. पण गरिबीने केले म्हणून त्यात बुद्धी नव्हती, निवड नव्हती, हे म्हणणेही तितकेच खोटे. ऊब देण्यापुरते कोणतेही तुकडे कसेही जोडून चालले असते. तांबड्याशेजारी हिरवा आणि हिरव्याशेजारी पांढरा कोणी घातला? सिद्दी स्त्रीला त्या कोपऱ्यातल्या फुलाची कोणती गरज होती? गरज गोधडी शिवायला बसविते. ती कशी दिसावी हे मात्र शिवणारी ठरविते. हा तिचा अधिकार होता आणि कित्येकींच्या बाबतीत एवढाच होता. आपल्या इतिहासाने तिचे नाव नोंदले नाही. निदान तिची बुद्धी तरी नाकारू नये.

आणि आजचे काय? पॉलिएस्टरची साडी धुतल्याने मऊ होत नाही, घाम टिपत नाही, सुईखाली निसटते. ती गोधडीत नांदत नाही. आज पुष्कळ ठिकाणी नवे कापड मुद्दाम कापून, तुकडे करून गोधड्या शिवतात आणि दुकानांत चांगल्या किमतीला विकतात. त्यावर कोणा बाईचे पोट भरत असेल तर माझी तक्रार नाही. पण त्याच वेळी शिंप्याच्या दुकानातले आणि कारखान्यांतले कात्रण कचऱ्याच्या ढिगावर जाते. पानिपत म्हटले की आपल्याला १७६१ आठवते. आज त्याच पानिपतात परदेशांतून टाकाऊ लोकरी कपड्यांचे गठ्ठे येतात आणि ते पिंजून त्यांचे सूत व ब्लँकेटे होतात. एकेका घराचे काम आता एका शहरावर पडले आहे.

आभाळ फाटले तर ठिगळ कोठे कोठे लावायचे, असे आपण म्हणतो. परंतु उदयनाच्या प्रश्नांना आनंदापाशी शेवटपर्यंत उत्तर होते. आपल्यापाशी तिसऱ्या प्रश्नालाही नसते. आपल्या घरी एखादी जुनी गोधडी असेल तर तिची एक कड उसवून पाहा. आत दुसरी गोधडी सापडण्याचा संभव आहे. ती कोणाच्या धोतराची, कोणाच्या लुगड्याची, कोणी शिवली, हे सांगू शकणारे माणूस घरात असेल तर ते आजच लिहून ठेवा. इतिहासाचे साधन म्हणतात ते याहून वेगळे नसते.