शर्यत जिंकली, पण गाडी पास झाली का? अमेरिकेतल्या स्थानिक स्टॉक कार शर्यतींमध्ये गाड्यांची तपासणी कशी होते

१९ जून १९४९. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातला शार्लट स्पीडवे हा पाऊण मैलाचा मातीचा ट्रॅक. नॅस्कार या नव्या संस्थेची पहिली ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ शर्यत इथे होती. २०० फेऱ्या झाल्या आणि ग्लेन डनवे हा ड्रायव्हर १९४७ सालची फोर्ड घेऊन तीन फेऱ्यांच्या आघाडीने पहिला आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शर्यत संपली.

पण निकाल अजून लागायचा होता. तपासनीस अल क्रिसलर यांनी गाडीखाली डोकावून पाहिलं, तेव्हा मागच्या स्प्रिंगमध्ये फेरफार केलेला आढळला. चोरटी दारू वाहून नेणारे लोक गाडी वळणावर स्थिर राहावी म्हणून ही युक्ती वापरत. नियम मात्र स्पष्ट होता: गाडी कारखान्यातून जशी आली, तशीच हवी. डनवेला अपात्र ठरवलं गेलं आणि कॅन्सस राज्यातून लिंकन गाडी घेऊन आलेला जिम रोपर विजेता ठरला.

डनवेच्या गाडीचे मालक ह्यूबर्ट वेस्टमोरलँड कोर्टात गेले आणि त्यांनी १०,००० डॉलरचा दावा ठोकला. न्यायाधीशांनी तो फेटाळला. नियम करण्याचा आणि ते लागू करण्याचा संस्थेचा अधिकार अशा रीतीने पहिल्याच शर्यतीनंतर पक्का झाला. आज अमेरिकेतल्या छोट्या-छोट्या गावांच्या ट्रॅकवर शनिवारी रात्री जी तपासणी होते, तिची मुळं इथे सापडतात.

स्टॉक कार म्हणजे काय?

‘स्टॉक’ म्हणजे दुकानात विक्रीला असलेला माल. शोरूममधून घेतलेली साधी गाडी शर्यतीत पळवायची, ही मूळ कल्पना. पुढे सुरक्षेसाठी लोखंडी पिंजरा आला, वेगळी चेसिस आली, खास शर्यतीची इंजिनं आली. नाव मात्र तेच राहिलं.

टीव्हीवर दिसतात त्या नॅस्कारच्या मोठ्या शर्यती. पण या खेळाचा पाया आहे स्थानिक ट्रॅक. नॉर्थ कॅरोलिनातल्या विन्स्टन-सेलम शहरातलं बोमन ग्रे स्टेडियम हे त्याचं ठळक उदाहरण. फुटबॉलच्या मैदानाभोवती पाव मैलाचा ट्रॅक आहे आणि १९४९ पासून तिथे नॅस्कारच्या मान्यतेने शर्यती होत आल्या आहेत. तिथल्याच हिकरी गावचा ट्रॅक १९५१ पासून आहे.

या ट्रॅकवर पळणारे बहुतेक जण व्यावसायिक खेळाडू नसतात. कोणी गॅरेज चालवतो, कोणी शेती करतो, कोणी कारखान्यात काम करतो. आठवडाभर नोकरी, रात्री घरामागच्या शेडमध्ये गाडीचं काम आणि शनिवारी शर्यत. पैसा घरचाच लागतो. बक्षिसाच्या रकमेतून बऱ्याचदा टायरचाही खर्च निघत नाही. म्हणून एखाद्याने नियम मोडून पहिला नंबर मारला, तर दुसऱ्या नंबरवाल्याची ट्रॉफी जाते आणि त्याने पगारातून घातलेला पैसाही वाया जातो.

नियम कशासाठी असतात?

तीन कारणांसाठी.

पहिलं सुरक्षा. पिंजऱ्याच्या नळीची जाडी, सीट, पट्टे, हेल्मेट, आग विझवण्याची सोय. यात सवलत नसते. त्रुटी दिसली, तर गाडी ट्रॅकवर जातच नाही.

दुसरं बरोबरी. एका गटातल्या गाड्या साधारण सारख्या ताकदीच्या असाव्यात, म्हणजे ड्रायव्हिंगचं आणि गाडी बसवण्याचं कसब दिसेल.

तिसरं खर्चाला लगाम. नियम नसतील, तर ज्याच्याकडे जास्त पैसे तो जिंकेल. बाकीचे दोन-तीन मोसमांत गाडी विकून घरी बसतील आणि ट्रॅक ओस पडेल.

भारतातही मोटार रॅलीत असं काम होतं. तिथे त्याला ‘स्क्रूटिनी’ म्हणतात. अमेरिकेतल्या ट्रॅकवर त्याला नुसतं ‘टेक’ म्हणतात.

तपासणीत नेमकं काय बघतात?

वजन. शर्यत संपली की पहिल्या काही गाड्या थेट वजनकाट्यावर जातात. चारही चाकांखाली वेगवेगळे काटे असतात. एकूण वजन तर बघतातच, शिवाय डाव्या बाजूला किती टक्के वजन आहे हेही बघतात. कारण लंबगोल ट्रॅकवर गाडी फक्त डावीकडे वळते. डावी बाजू जितकी जड, तितकी गाडी वळणावर चिकटून राहते. अनेक ठिकाणी ही मर्यादा ५८ टक्क्यांच्या आसपास असते.

उंची. गाडी जमिनीला जितकी जवळ, तितकी स्थिर. म्हणून ठरावीक उंचीचा ठोकळा गाडीखालून सरकवून पाहतात. ठोकळा अडला की गाडी नापास.

इंजिन. इथे छोट्या आकड्यांचा मोठा खेळ असतो. शेवरोलेचं प्रसिद्ध ३५० क्युबिक इंचाचं व्ही-८ इंजिन घ्या. त्याच्या सिलिंडरचा व्यास ४ इंच आणि पिस्टनची चाल ३.४८ इंच. आठ सिलिंडरचा हिशेब केला की साधारण ३५० येतात. आता कोणी व्यास फक्त दीड मिलिमीटरने वाढवला, तर तेच इंजिन ३६० क्युबिक इंचाचं होतं. बाहेरून काहीच कळत नाही. त्यामुळे तपासनीस मोजमापाची साधनं लावून सिलिंडरचं आकारमान काढतात आणि शंका असेल तर इंजिन उघडायला लावतात.

यावर एक उपाय म्हणजे सीलबंद इंजिन. जनरल मोटर्सची ६०२ आणि ६०४ ही ‘क्रेट’ इंजिनं कारखान्यातूनच खास बोल्ट लावून बंद होऊन येतात. उघडलं तर बोल्टवरून समजतं. पण लोक सीलही बनावट करतात. म्हणून तपासनीसाला आता इंजिनाबरोबर बोल्टही पारखावा लागतो.

टायर. टायरचं रबर मऊ असेल तर पकड वाढते. काही जण टायरला रसायन पाजतात. ट्रॅकवर टायरची कडकपणा मोजणारं छोटं यंत्र वापरतात, पण ऊन आणि घर्षण यांनी आकडा बदलतो. त्यामुळे रबराचा तुकडा कापून प्रयोगशाळेत पाठवतात आणि कारखान्यातल्या नमुन्याशी ताडून पाहतात. अशा रसायनांची वाफ माणसालाही घातक असते. म्हणजे हा प्रश्न नुसत्या बरोबरीचा राहत नाही, आरोग्याचाही होतो.

इंधन आणि वायरिंग. पेट्रोलची घनता तपासून त्यात काही मिसळलंय का ते पाहतात. चाक घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बऱ्याच गटांत बंद आहे आणि ती वायरच्या जंजाळात सहज लपते. पकडायला सगळ्यात अवघड गोष्टींपैकी ही एक.

पळवाट की लबाडी?

या खेळात एक जुना वाद आहे. जे नियमात लिहिलेलं नाही ते चालतं, असं मानणारा एक वर्ग आहे. त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे डेटोना बीचचे मेकॅनिक स्मोकी युनिक. इंधनाची टाकी किती मोठी असावी हे नियमात होतं, पण टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळीबद्दल काहीच नव्हतं. युनिक सांगत की त्यांनी दोन इंच व्यासाची, अकरा फूट लांब नळी बसवली. हिशेब केला तर अशा नळीत पावणेसात लिटरच्या आसपास पेट्रोल जादा मावतं.

असे किस्से ऐकायला मजा येते. पण त्यांचा परिणाम असा की दरवर्षी नियमपुस्तिका जाड होत जाते. म्हणून अनेक ट्रॅकच्या पुस्तिकेत आता उलटं वाक्य असतं: जे करायची परवानगी लिहिलेली नाही, ते करायचं नाही.

पकडल्यावर शिक्षा काय?

ऑक्टोबर १९८३ मध्ये शार्लट इथे रिचर्ड पेटी जिंकले. तपासणीत इंजिन ठरलेल्या ३५८ ऐवजी सुमारे ३८१ क्युबिक इंचाचं निघालं आणि टायरही चुकीच्या बाजूला लावलेले होते. ३५,००० डॉलर दंड झाला, १०४ गुण कापले गेले. विजय मात्र त्यांच्याच नावावर राहिला. शर्यत बघून घरी गेलेल्या प्रेक्षकाला दुसऱ्या दिवशी वेगळा विजेता कळू नये, असा विचार त्यामागे होता. दंड भरला की विजय पचतो, असा त्याचा अर्थ मैदानात लागत होता.

२०१९ मध्ये नॅस्कारने हे धोरण बदललं. शर्यतीनंतरच्या तपासणीत गाडी नापास झाली, तर विजय जाणार. त्याच वर्षी जूनमध्ये आयोवात ट्रक मालिकेतला रॉस चॅस्टेनचा विजय गेला. जुलै २०२२ मध्ये पोकोनो ट्रॅकवर पहिला आलेला डेनी हॅमलिन आणि दुसरा आलेला काइल बुश हे दोघंही अपात्र ठरले. कारण होतं गाडीच्या पुढच्या भागावर चिकटवलेलं, वरच्या आवरणाखाली दडलेलं जादा साहित्य. मुख्य मालिकेत विजेता अपात्र ठरण्याची १९६० नंतरची ही पहिलीच वेळ. विजय तिसऱ्या आलेल्या चेस एलियटला मिळाला.

स्थानिक पातळीवर मात्र कडक तपासणीची परंपरा जुनी आहे. फ्लोरिडातल्या पेन्साकोला इथे १९६८ पासून दर डिसेंबरला ‘स्नोबॉल डर्बी’ होते. तिथल्या तपासणीच्या शेडला लोक गमतीने ‘रूम ऑफ डूम’ म्हणतात. तिथे आत गेलेला विजेता बाहेर विजेता म्हणूनच येईल, याची खात्री नसते.

२०१३ मध्ये याच चेस एलियटने ती शर्यत जिंकली. तपासणीत गाडीत वजनासाठी लावलेला टंगस्टनचा तुकडा सापडला. टंगस्टन शिशापेक्षा सुमारे पावणेदोन पट घन असतं, त्यामुळे थोड्या जागेत, हव्या त्या ठिकाणी जास्त वजन ठेवता येतं. नियमात ते चालत नव्हतं. एलियट अपात्र ठरला आणि एरिक जोन्स विजेता झाला. त्याचे वडील बिल एलियट नॅस्कारचे माजी विजेते, पण त्याने काही फरक पडला नाही. दोन वर्षांनी चित्र उलटं झालं. क्रिस्टोफर बेलची गाडी तपासणीत नापास झाली आणि विजय एलियटकडे आला.

खरी अडचण कुठे आहे?

मोठ्या शर्यतीत टीव्ही असतो, पत्रकार असतात. गावच्या ट्रॅकवर तपासनीस बहुतेक वेळा अर्धवेळ काम करणारा असतो. तो त्याच गावचा असतो. ज्याची गाडी तो तपासतो, त्याच्याकडूनच कदाचित तो स्पेअर पार्ट घेतो.

ट्रॅकचा मालकही पेचात असतो. एका गटात पंधरा गाड्या असतील आणि त्यातल्या चार बाहेर काढल्या, तर त्या पुढच्या शनिवारी शेजारच्या ट्रॅकवर जातात. त्यांच्याबरोबर त्यांचे नातेवाईक, मित्र आणि तिकिटाचे पैसेही जातात. म्हणून डोळेझाक करण्याचा मोह होतो. पण डोळेझाक केली की नियम पाळणारे हळूहळू येणं सोडतात. ते भांडत नाहीत, गुपचूप गाडी विकतात. नुकसान दोन्हीकडून होतं, फक्त दुसरं उशिरा दिसतं.

न्याय्य तपासणी कशी ओळखायची?

* नियम मोसम सुरू होण्याआधी लेखी हातात मिळतात आणि मध्येच बदलत नाहीत. बदल झालाच, तर सगळ्यांना एकाच वेळी कळवला जातो.
* सगळ्यांसाठी तोच काटा, तोच ठोकळा. शर्यतीआधी कोणालाही आपली गाडी त्याच काट्यावर मोजून घेता येते. म्हणजे ‘माझ्या घरचा काटा वेगळा दाखवत होता’ ही सबब उरत नाही.
* पहिल्या तिघांबरोबर चिठ्ठी काढून मागची एखादी गाडीही तपासली जाते.
* तपासणी उघड्यावर, इतर चमूंना दिसेल अशी होते.
* निकाल आणि कारण दोन्ही जाहीर होतात. तपासणी पूर्ण होईपर्यंत बक्षीस वाटत नाहीत.
* नकळत झालेली किरकोळ चूक आणि मुद्दाम लपवलेला फेरफार यांची शिक्षा वेगळी असते. पण दोन्हीची शिक्षा आधीच लिहिलेली असते, माणूस बघून ठरत नाही.
* अपील ऐकणारी व्यक्ती तपासनीसाहून वेगळी असते.

‘प्रोटेस्ट’ आणि ‘क्लेम’

तपासनीसाचं लक्ष चुकलं, तर स्पर्धकांच्या हातातही दोन हत्यारं असतात.

पहिलं प्रोटेस्ट. ठरावीक रक्कम भरून समोरच्याचं इंजिन उघडायची मागणी करता येते. इंजिन नियमबाह्य निघालं, तर पैसे परत मिळतात. नियमात निघालं, तर ती रक्कम साधारणपणे इंजिन उघडावं लागलेल्या चमूला जाते, कारण पुन्हा जोडणीचा खर्च त्यांच्या माथी येतो. त्यामुळे उगाच आरोप करणारे कमी होतात.

दुसरं क्लेम. काही गटांत नियमच असतो की शर्यतीनंतर प्रतिस्पर्धी ठरलेल्या किमतीत तुमचं इंजिन विकत मागू शकतो. नकार दिला, तर विजय जातो. मग हजारो डॉलर ओतून कोणी चोरून भारी इंजिन बनवलंच, तर ते कवडीमोलाने हातचं जाण्याची भीती असते. तपासनीस न वाढवता खर्च आटोक्यात ठेवण्याचा हा मार्ग.

शेवटी काय?

चेस एलियटची तीन उदाहरणं एकत्र ठेवून पाहा. तपासणीने त्याचा एक विजय घेतला आणि दोन दिले. प्रत्येक वेळी कोणीतरी दुखावलं गेलं. पण नियम दोन्ही बाजूंनी सारखाच लागला.

गावच्या ट्रॅकवर दहाव्या नंबरवर येणाऱ्या माणसाची अपेक्षाही तेवढीच असते. पुढचा आपल्यापेक्षा वेगवान असेल, तर तो गाडी चांगली बसवतो आणि चांगली चालवतो म्हणून असावा. एवढी खात्री असली, की तो पुढच्या शनिवारी पुन्हा गाडी ट्रेलरवर चढवतो.