खजिन्याच्या बेटाचे प्रौढ वाचक

इ. स. १८८१ च्या उन्हाळ्यांत स्कॉटलंडमधील ब्रेमार गांवीं पावसानें घरांत कोंडलेल्या सावत्र मुलाच्या संगतीनें स्टीव्हन्सननें एका बेटाचा नकाशा रंगविला; त्यांतूनच ‘ट्रेझर आयलंड’ जन्मास आलें. गंमत अशी कीं, रोजचें प्रकरण ऐकण्यास लेखकाचे साठी उलटलेले वडीलहि मुलाइतकेच उत्सुक! दीपगृहें बांधणाऱ्या त्या गृहस्थांनीं चांच्याच्या पेटींतील जिनसांची यादी स्वतः करून दिली. ‘यंग फोक्स’ या मुलांच्या साप्ताहिकांत ही कथा फारशी गाजली नाहीं. १८८३ सालीं पुस्तक निघतांच मात्र थोरांनीं ती उचलून धरली. कारण उघड आहे. एका पायाचा सिल्व्हर क्रूर खरा, पण लोभसहि. त्याचा तिरस्कार करावा कीं त्याच्यावर जीव लावावा, हा छोट्या जिमचा पेंच वय वाढल्यानें सुटत नाहीं. तो तेव्हांच खरा कळूं लागतो.