अक्कलकोटचे भोसले: नाव आणि रक्त

मोडनिंबच्या थांब्यावर स्वामींच्या दर्शनाला निघालेली मंडळी भेटतात, तेव्हा एक विधान हमखास कानी पडते: अक्कलकोटचे राजे म्हणजे शिवछत्रपतींच्याच रक्ताचे. हे मत निराधार बडबड नव्हे. आडनाव भोसले आहे. मूळ पुरुष फत्तेसिंहांना शाहू महाराजांनी पुत्रवत वाढवले. गादी वारशाने चालत आली आणि 1948 मध्ये संस्थान विलीन झाले. हे सारे खरे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

1707 मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटलेले शाहू दक्षिणेत परतत होते. वाटेत परद गावी लढाई झाली आणि तिथला पाटील सयाजी लोखंडे मारला गेला. त्याच्या विधवेने आपला लहानगा राणोजी शाहूंच्या पायांवर घातला. विजयाची खूण म्हणून शाहूंनी त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले आणि त्याला भोसले हे आडनाव दिले. मग रक्त कुणाचे? लोखंड्यांचे.

आडनावावरून वंश ठरवायचा, तर नागपूरकर भोसल्यांनाही सातारच्या घराण्यात घालावे लागेल. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात सरदाराच्या आश्रयाला आलेली कुळे त्याचेच आडनाव लावू लागली, म्हणून ती त्याची भाऊबंद झाली काय?

'पण शाहूंनी पुत्र मानले ना?' मानले. मानणे वेगळे आणि विधिपूर्वक दत्तक घेणे वेगळे. डिसेंबर 1749 मध्ये शाहू निपुत्रिक वारले, तेव्हा फत्तेसिंह हयात होते. साताऱ्याच्या गादीवर कोण बसले? रामराजे. फत्तेसिंह पुत्र असते, तर रामराजांना शोधून आणण्याचे कारणच काय होते? 1760 मध्ये फत्तेसिंह गेले. त्यांच्यामागे अक्कलकोटची गादी दत्तक शहाजींकडे गेली, आणि तेही लोखंड्यांच्याच घरातले. दत्तक घ्यायची वेळ आली तेव्हा खुद्द या घराण्याने कोणत्या घराकडे पाहिले, हे वाचकांनीच ध्यानात घ्यावे.

एवढे ऐकून काहीजण दुसऱ्या टोकाला जातात: मग ही पदवी उसनी, केवळ नशिबाने लाभलेली! हेही मला मान्य नाही. 1740-41 च्या कर्नाटक स्वारीत रघूजी भोसल्यांबरोबर फत्तेसिंह होते. त्या स्वारीत मराठ्यांनी त्रिचनापल्ली घेतली आणि चंदासाहेब कैद झाला. थेट कावेरीकाठापर्यंत फौज घेऊन गेलेल्या माणसाला केवळ नशीबवान म्हणायचे? आणि त्या नावाची किंमत तर त्याआधीच परदला चुकती झाली होती. पित्याचा जीव गेला होता. आईने उरलेले एकुलते धन, ते लेकरू, ज्याच्या फौजेने नवरा मारला त्याच्याच पायांवर ठेवले होते. शाहूंनी ते उचलून घेतले.